दीर्घकालीन आंत्रदाह आणि दिव्यांगत्वाचे लाभ : पात्रतेचा प्रश्न

प्रस्तावना

आतड्याचा दीर्घकालीन दाह हा विकार मुख्यतः दोन रूपांत आढळतो. मोठ्या आतड्याच्या अंतःत्वचेस व्रण पडून वारंवार रक्तमिश्रित जुलाब होणे हे पहिले रूप होय. त्यास वैद्यकशास्त्रात अल्सरेटिव्ह कोलायटिस असे म्हणतात. दुसरे रूप म्हणजे क्रोन्स डिसीज. १९३२ साली डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विकार पचनमार्गाच्या कोणत्याही भागात उद्भवू शकतो आणि त्यामुळे आतडे आक्रसणे, नाडीव्रण होणे असे उपद्रव संभवतात. दोन्ही व्याधी औषधांनी आटोक्यात ठेवता येतात, परंतु त्या समूळ बऱ्या होत नाहीत. त्यांचा प्रारंभ बहुधा तारुण्यात, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षांतच होतो. म्हणूनच हा विषय प्राध्यापक वर्गाच्या विचाराचा आहे. अशा रुग्णास दिव्यांगत्वाचे लाभ मिळू शकतात काय, मिळत असल्यास कोणते व नसल्यास का नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्यातील यादी

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि ही संख्या २१ वर गेली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल यांसारखे रक्तविकार आणि दीर्घकालीन मज्जाविकार यांना त्यात स्थान मिळाले. याचा अर्थ, बाहेरून न दिसणारा आजारही दिव्यांगत्व ठरू शकतो हे तत्त्व संसदेने मान्य केले. तथापि आंत्रदाहाचे नाव या यादीत नाही.

नाव नसण्याचा परिणाम दूरगामी आहे. शासकीय नोकरीतील ४ टक्के व उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण हे यादीतील दिव्यांगत्व किमान ४० टक्के असलेल्या व्यक्तींसाठीच आहे. ही टक्केवारी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरते. या सूचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या व २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या. दृष्टी, श्रवण, सांध्यांची हालचाल यांच्या मोजमापाची कोष्टके त्यांत आहेत, आतड्याचे कोष्टक नाही. त्यामुळे दिवसातून दहा-पंधरा वेळा शौचास जावे लागणारा, रक्तक्षयाने थकलेला रुग्ण वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिला आणि मंडळाची कितीही सहानुभूती असली, तरी त्याच्या आतड्याच्या विकारास टक्केवारी देता येत नाही.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. या रुग्णांना दीर्घकाळ स्टिरॉइडे घ्यावी लागल्यास काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन सांधा निकामी होतो; काहींना मणक्याचा संधिवात जडतो. अशा वेळी अस्थिव्यंगाचे प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे मूळ व्याधीची दखल नाही, पण तिच्या उपद्रवाची आहे. सल्ला देणाऱ्याने ही वाट रुग्णास अवश्य सांगावी.

क्षयरोग आणि क्रोन्स : निदान बदलते, मदत थांबते

आपल्याकडे या प्रश्नास आणखी एक पदर आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज यांची लक्षणे परस्परांशी कमालीची मिळतीजुळती असतात. पोटदुखी, ताप, वजन घटणे, आतड्यातील व्रण ही सारी दोहोंतही आढळतात; दुर्बिणीतून तपासणी करून तुकडा परीक्षेस पाठवला तरी कित्येकदा निश्चित निदान होत नाही. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने अनेक रुग्णांना प्रथम क्षयरोगाची औषधे दिली जातात आणि गुण न आल्यास क्रोन्सचा विचार होतो.

लातूर-बार्शी मार्गावरील मुरुडसारख्या गावातील एखाद्या रुग्णाची कल्पना करावी. क्षयरोगी म्हणून नोंद होताच तो निक्षय पोषण योजनेस पात्र ठरतो. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रारंभी दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. पुढे लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात क्रोन्सचे निदान झाले, की हे साहाय्य बंद होते. वस्तुतः आता आजार आयुष्यभराचा ठरलेला असतो आणि औषधांचा खर्च वाढलेला असतो. निदान अचूक झाले, परंतु शासनाच्या दृष्टीने रुग्णाचा हक्क मात्र संपला. क्षयरोग्यास मदत मिळू नये असा याचा अर्थ नव्हे. मदत रोगाच्या नावास जोडली असता काय घडते, हे यातून दिसते.

राज्यातील योजना आणि इतर तरतुदी

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजना ही या रुग्णांना सर्वांत जवळची ठरते. दिव्यांग व्यक्तींखेरीज क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तींचाही तिच्यात समावेश आहे. ‘यासारख्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे आजारांची यादी बंदिस्त राहत नाही. निराधार व अल्प उत्पन्नाच्या रुग्णाने शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून तहसील कार्यालयात अर्ज करावा. त्यात आजाराच्या नावाबरोबर कामाची क्षमता कशी व किती घटली याचा स्पष्ट उल्लेख असावा. या योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये करण्यात आले. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, हा फरकही यादीचे महत्त्व दाखवतो.

रेल्वेच्या सवलतींत ऑस्टोमीच्या रुग्णांचा, म्हणजे आतडे पोटावाटे बाहेर काढून पिशवी लावलेल्या रुग्णांचा उल्लेख आहे. मासिक व त्रैमासिक पासात त्यांना ५० टक्के सवलत दिली जाते. सवलत लहान असली तरी आतड्याच्या विकाराने प्रवास अवघड होतो, ही गोष्ट शासनाच्या एका खात्याने तरी मान्य केली आहे.

व्याख्या यादीपेक्षा व्यापक

यादी अपुरी असली तरी २०१६ च्या अधिनियमातील व्याख्या संकुचित नाही. तिचा आशय असा की दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनिक कमतरता असलेली आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ न शकणारी व्यक्ती म्हणजे दिव्यांग व्यक्ती. येथे ना यादी आहे, ना टक्केवारी. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील विचारच या व्याख्येत उतरला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या भेदास मोल दिले. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवारास लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य झाला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीस आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ओंकार गोंड प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले, की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून वैद्यकीय प्रवेशास अपात्र ठरवता येणार नाही. प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे. हे निर्णय आंत्रदाहाविषयी नाहीत. मात्र त्यांतील तर्क या रुग्णांनाही लागू करण्याजोगा आहे.

अन्य देशांत हा तर्क कायद्यातच उतरला आहे. अमेरिकेतील २००८ च्या दुरुस्तीने आतड्याचे कार्य हे शरीराच्या प्रमुख कार्यांत नमूद केले, आणि तेथील सामाजिक सुरक्षा विभागाच्या विकारसूचीत आंत्रदाहास स्वतंत्र नोंद आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात रोगाच्या नावाऐवजी दैनंदिन व्यवहारावर होणारा मोठा व दीर्घकालीन परिणाम पाहिला जातो. आजार मधून मधून उसळणारा असला तरी तो परिणाम मोजला जातो.

महाविद्यालयांचे कर्तव्य

अधिनियमाच्या कलम १६ नुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यास त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यावयाची आहे. आंत्रदाहाच्या रुग्णास लागणाऱ्या सोयी खर्चिक नाहीत. परीक्षेत दाराजवळचे आसन, शौचास जाण्याची मुभा, तेवढ्या वेळेची भरपाई, आजार उसळलेल्या काळातील गैरहजेरीकडे पाहण्याचा समंजसपणा आणि कुलूप नसलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह, एवढेच पुरेसे ठरते. विद्यार्थ्याने वर्गासमोर आपल्या आजाराचे वर्णन करावे अशी वेळ मात्र येऊ नये. प्राचार्यांकडे एकदा दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे मानावे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कलम २० महत्त्वाचे आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास शासकीय आस्थापनेस कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही वा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आस्थापनेच्या व्याख्येत अनुदानित संस्थाही येतात, ही बाब संस्थाचालकांनी लक्षात ठेवावी.

समारोप

सारांश, आजच्या स्थितीत आंत्रदाहाच्या रुग्णास या आजाराच्या आधारे आरक्षण मिळत नाही. उपद्रवामुळे अस्थिव्यंग आल्यास प्रमाणपत्र मिळू शकते. निराधार रुग्णास संजय गांधी योजनेत अर्ज करता येतो. आणि शिक्षण व नोकरीतील वाजवी सोयीची मागणी व्याख्येच्या व न्यायनिर्णयांच्या आधारे करता येते. कायमचा उपाय अनुसूचीतील दुरुस्ती हा होय. कलम ९९ नुसार राज्य शासनाच्या शिफारशीवरून केंद्र शासन अधिसूचनेद्वारे अशी दुरुस्ती करू शकते. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. या विभागाकडे वैद्यकीय महाविद्यालयांनी रुग्णांच्या नोंदी व विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या अडचणी पद्धतशीर मांडल्या, तर शिफारशीस आधार मिळेल. तोपर्यंत परीक्षागृहात दाराजवळचे आसन देण्यास कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.