एका तालातली वल्ही

दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायचा आणि त्यात हवा भरत जायची. दंड आवळतो, मग ठणकू लागतो. 'दुखतंय' असं तोंडून निघालं की आकडा टिपायचा. ऑक्सफर्डमधल्या एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इतका साधा होता. पट्टा बांधला होता विद्यापीठाच्या नौका संघातल्या १२ वल्हेकऱ्यांना.

वल्हवण्याच्या यंत्रावर ही मुलं कधी एकेकटी बसली, कधी गटाने एका तालात. वेळ तेवढाच, पाऊण तास. मेहनतही जवळपास तेवढीच. वेदना सोसायची ताकद दोन्ही वेळा वाढली, पण गटाने वल्हवल्यावर ती बरीच जास्त वाढली. घाम सारखाच गाळला होता. फरक होता तो फक्त सोबतीचा आणि तालाचा. आपण लेझीम 'नाचतो' नाही, 'खेळतो' म्हणतो. ज्याने ती घामाघूम होईपर्यंत खेळली आहे, त्याला या निष्कर्षाचं फारसं नवल वाटणार नाही.

पण मोजायचा होता आनंद, मग दुखवायचं कशाला? कारण एंडॉर्फिन. हे शरीरात तयार होणारं अफूच्या जातकुळीचं रसायन वेदना बोथट करतं. मेंदूतलं एंडॉर्फिन थेट मोजायचं तर पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागतो किंवा माणसाला स्कॅनरमध्ये झोपवावं लागतं. त्यामानाने पट्टा बरा!

मात्र खेळातल्या सुखाचं सगळं श्रेय एंडॉर्फिनला देण्याची जी सवय लागली आहे, ती सोडायला हवी. रक्तात वाढलेलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. मधला पडदा त्याला अडवतो. २०२१ साली जर्मनीत ६३ जणांवर झालेल्या प्रयोगात काहींना एंडॉर्फिनचं काम रोखणारं औषध दिलं, काहींना नुसतीच खोटी गोळी. ४५ मिनिटं धावल्यावर येणारी ती तरंगती खुशी औषध घेतलेल्यांनाही आलीच. म्हणजे वेदना बोथट होण्याचं खातं एक आणि खुशीचं दुसरं, असंही असू शकेल.

संशय आहे तो एका स्निग्ध रेणूवर, जो हा पडदा आरामात ओलांडतो. गांजातलं द्रव्य मेंदूतल्या ज्या कुलपाला लागतं, त्याची शरीराची स्वतःची किल्ली कोणती, हे शोधताना १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. नाव ठेवलं 'आनंदामाइड', थेट संस्कृत 'आनंद' वरून. मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता प्रयोगशाळेबाहेर येऊ. २०१८ साली सुमारे १२ लाख अमेरिकनांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न होता, गेल्या महिन्यात मन ठीक नव्हतं असे दिवस किती? व्यायाम करणाऱ्यांचे असे दिवस, इतर बाबतींत त्यांच्यासारख्याच पण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा, महिन्याला सरासरी दीडने कमी भरले. सगळ्यांत पुढे होते सांघिक खेळ. आणि जितकं जास्त तितकं बरं, असंही दिसलं नाही: आठवड्यातून तीन ते पाच वेळा, साधारण ४५ मिनिटं, एवढ्यावर लाभ सर्वाधिक होता. रोज दोन-दोन तास जिममध्ये काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

अर्थात, उदास माणूस मुळात मैदानाकडे फिरकतच नाही. त्यामुळे खेळल्याने मन बरं झालं की मन बरं होतं म्हणून खेळ झाला, हे अशा पाहणीतून नक्की ठरत नाही. वल्हेकऱ्यांच्या प्रयोगाचं मोल इथे कळतं. माणसं तीच, यंत्रं तीच, बदलली ती फक्त संगत.

तेव्हा कानात इअरफोन घालून ट्रेडमिलवर चढण्याआधी, सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर एकदा डोकावून बघा. डबल्सला चौथा गडी बहुतेक कमी पडत असतो.