टाकं दिलं कोणी, उपसलं कोणी?

बोरिवलीकराला नॅशनल पार्कबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. उजाडायच्या आत गेटवर जमणारी चालणाऱ्यांची टोळकी, दहिसर नदीवरचा पूल, उन्हाळ्यात आदिवासी बायकांच्या टोपल्यांतली करवंदं, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात रूळ उखडून बंद पडलेली वनराणी ही छोटी आगगाडी. अतिक्रमणं, उच्च न्यायालयाचा १९९७ चा आदेश, बिबटे यांवरही पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचंय ते पार्कातच वर डोंगरात असलेल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या पाण्याच्या एका टाक्याबद्दल. तीसेक वर्षं ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

पाच क्रमांकाच्या लेण्यापाशी हे टाकं आहे. वरच्या खडकात ब्राह्मी अक्षरं कोरलेली, बरीचशी झिजलेली, मध्येच खपला उडालेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यातलं एकही अक्षर लागलं नाही. नंतर पुस्तकातलं वाचन हातात धरून पुन्हा गेलो. लेख संस्कृतात आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळातली, महाक्षत्रप ‘रु’ची मुलगी... या ‘रु’च्या पुढचा दगडच गेला आहे. अभ्यासक तिथे रुद्रदामन वाचतात. सातकर्णी सातवाहन, रुद्रदामन क्षत्रप, आणि ही दोन घराणी एकमेकांची हाडवैरी. जुनागडच्या इ. स. १५० च्या लेखात रुद्रदामन म्हणतो की, सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे मी त्याला समूळ उखडलं नाही. ते नातं कोणतं असावं, याचा धागा बोरिवलीच्या या टाक्यावर सापडतो.

इतिहासाची पुस्तकं सोयरिकीपाशी थांबतात. पण लेख सोयरीक सांगण्यासाठी कोरलेलाच नाही. शतेरक नावाच्या अमात्याने इथे पाण्याचं टाकं दिलं, एवढं सांगायला तो कोरला आहे. दोन राजघराण्यांचा इतिहास आपल्यापर्यंत पोचला तो पाण्याच्या सोयीच्या निमित्ताने.

हे लेख उतरवून घेणाऱ्यांत एडवर्ड वेस्ट नावाचा एक इंग्रज होता. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. १८४४ मध्ये तो कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर देखरेख करायला मुंबईत आला, पुढे जीआयपी रेल्वेत इंजिनिअर झाला. कामातून वेळ काढून तो भाऊ आर्थरसोबत लेण्यांतली अक्षरं उतरवून घ्यायचा. कान्हेरीचे लेख त्याने १८६१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये छापले. इंजिनिअरचा हात त्या नकलांत दिसतो. अक्षर लागो न लागो, रेघ जशी असेल तशीच काढायची. नंतर भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी हे अभ्यासक झाले आणि १९९१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. माझी वहीभर टिपणं त्या वाचनांवर उभी आहेत.

त्या वहीत राजेरजवाडे थोडे आणि बाजारपेठेतली माणसं फार. कल्याणचा सोनार सामिदत्त: पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. सोपाऱ्याचा व्यापारी सामिक: पोढी. चौलच्या हेरणिकाचा, म्हणजे खजिनदाराचा मुलगा: पोढी. दूरदूरच्या गावांहून आलेली ही माणसं या डोंगरात आपलं नाव पाण्यापाशी ठेवून गेली. एका लेखाशी मी फार दिवस घुटमळलो. त्यात लेणं आणि टाक्याबरोबर ‘आसनपेढिका’ आणि ‘चंकम’ दान दिल्याचं लिहिलं आहे. पेढिका म्हणजे बसायचा बाक. आपल्या ‘पेढी’शी त्याचं नातं आहे. चंकम म्हणजे येरझाऱ्या घालायची वाट. भिक्षूंचं ते ध्यानातलं चालणं, तब्येतीसाठीचं नव्हे, हे मला कळतं. तरी पाणी, बाक आणि चालायची वाट ही यादी वाचून मी क्षणभर थबकलो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही बागेच्या कामाचा कागद काढा, तिथेही हेच तीन शब्द सापडतील.

टाकं खोदलं म्हणजे काम संपलं, असं देणाऱ्यांनी मानलं नव्हतं. कान्हेरीत खडकाच्या उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्यातून टाक्यांत उतरतं. एका ऑक्टोबरात मी अशा एका पन्हळीपाशी बसलो होतो. पळसाची दोन-चार पानं आणि मूठभर माती अडकली होती, तेवढ्याने पाणी बाजूला वळून वाया चाललं होतं. पानं काढली, पाणी टाक्याकडे धावलं. म्हणजे दर पावसाळ्याआधी कुणीतरी या पन्हळी साफ करत असणार, टाक्यातला गाळ उपसत असणार. त्या माणसाचा लेख कुठेच नाही.

पण अशा देखभालीच्या खर्चाची सोय मात्र दगडावर लिहिली आहे. ‘अक्षयनीवी’ हा शब्द कान्हेरीत पुन्हा पुन्हा येतो. नीवी म्हणजे मुद्दल. ते कधी मोडायचं नाही; शेत असेल तर त्याच्या उत्पन्नावर आणि पैसा असेल तर त्याच्या व्याजावर खर्च भागवायचा. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने तर हिशेबच मांडला आहे: विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने. कान्हेरीत ही रीत शतकानुशतकं टिकली. शके ७६५ मध्ये, म्हणजे इ. स. ८४३ च्या सुमारास, शिलाहार पुल्लशक्तीच्या वृद्ध अमात्याने दिलेल्या देणगीत पूजा, भिक्षूंची वस्त्रं आणि पोथ्या यांच्या जोडीने विहाराच्या पडझडीची दुरुस्तीही आहे. देणगी देतानाच मोडतोडीचा खर्च धरणारा हा म्हातारा मला फार जवळचा वाटतो.

कान्हेरीच्याच नव्वदाव्या लेण्यात आणखी एक वेगळी गोष्ट आहे. पहलवी लिपीत पाहुण्यांची नावं. पहलवीचा जगन्मान्य पंडित झालेल्या वेस्टनेच ती वाचली. १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१ अशा त्यांच्या तारखा निघतात. झरथुष्ट्री मंडळी आली, आपली आणि वडिलांची नावं लिहून गेली. तिन्ही वेळा पावसाळा संपल्यावर! डोंगर हिरवा, टाकी तुडुंब, ऊन सोसण्याजोगं. आजही बोरिवली-कांदिवलीची कुटुंबं डबे घेऊन वर चढतात ती याच दिवसांत.

आपल्या उपनगरांतल्या बागांचं दुखणं मला या दगडांपाशी बसून कळलं. आपण नीवी ठेवत नाही. उद्घाटनाला पैसा असतो, पाटीला असतो, एप्रिलातल्या पाण्याला नसतो. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं, नागरिक संतापले आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. तो संताप रास्त होता. सांभाळायला म्हणून दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिलेले मुंबईने पाहिले होते. राखणदाराला मालक होऊ देता कामा नये, या मताचा मी आहे. कान्हेरीत टाकं सामिदत्ताचं राहिलं नाही, भिक्षुसंघाचं झालं. त्याच्याकडे उरलं फक्त नाव. पण स्थगितीनंतरही झाडांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी घराजवळच्या बागेत बाक दिला. त्यांचं नाव घातलं, नारळ फोडला. चार पावसाळ्यांत फळी कुजली. नावाची पितळी पट्टी मात्र लखलखीत होती. ती पाहून मला शरम वाटली. सकाळी चालणारे आम्ही अकराजण तेव्हा एकत्र आलो आणि बँकेत ठेव ठेवली. रक्कम लहान आहे, पण मोडायची नाही असं ठरलंय. तिच्या व्याजातून बाकाच्या फळ्या बदलतो आणि मार्च ते जून नव्या रोपांना पाणी घालायला एक माणूस लावतो. गेल्या उन्हाळ्यात सोनचाफ्याची तीन रोपं जगली, एक गेलं.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात तो माणूस कुंपणालगतचं गटार साफ करत होता. फावड्याने गाळ काढून त्याने आंब्याच्या बुंध्याशी टाकला, उरलेली पानं हाताने वेचली. मी त्याला सामिदत्ताची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “मग त्या टाक्यातला गाळ काढायला माणूस कोण होता?”