जुन्या छायाचित्रांतील चांदा

जुन्या घराची आवराआवर निघाली कीं माळ्यावरची एखादी पत्र्याची पेटी खालीं येते, आणि तींत जन्मपत्रिका, जुने दस्तऐवज व पोथ्यांचे रुमाल यांच्या सोबत जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं कांहीं छायाचित्रें हमखास सांपडतात. मग आवराआवर राहते बाजूस. लहानथोर मंडळी भोंवतीं जमतात. "हा कोट कोणाचा?" "ही नथ आतां कोणाकडे?" अशी विचारपूस सुरू होते, आणि शेवटीं कोणी तरी "गेले ते दिवस!" म्हणून सुस्कारा टाकतें.

हा सुस्कारा खोटा नाहीं. परंतु ते दिवस म्हणजे नेमके कसे दिवस, आणि त्यांची साक्ष हीं चित्रें कितपत देतात, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. चंद्रपूरच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या चांद्याच्या, जुन्या कुटुंबचित्रांच्या निमित्तानें तो विचार वाचकांपुढें मांडावा, असा या लेखाचा हेतु आहे.

चांदा हें गोंड राजांचें राजधानीचें शहर. इरई आणि झरपट या नद्यांच्या कांठीं वसलेल्या या गांवाभोंवतीं दगडी परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे त्याचे चार दरवाजे, आणि शिवाय लहान लहान खिडक्या. राणी हिराईनें आपला पति बीरशहा याच्या स्मरणार्थ बांधलेली समाधि येथें आहे. महाकालीचें देऊळ आहे व चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते. १९०१ सालीं गांवाची वस्ती १८ हजारांच्याही आंत होती. २०११ च्या शिरगणतींत ती ३ लक्ष २० हजारांवर गेलेली दिसते. १९६४ च्या सुमारास चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि १९८२ च्या ऑगस्टांत गडचिरोलीचा जिल्हा वेगळा निघाला. जुनें नांव अजूनही आढळतें, 'चांदा फोर्ट' या रेल्वे स्थानकाच्या पाटीवर, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यांत.

अशा गांवांतील कुटुंबाचें जुनें चित्र पाहावें, तर पाठीमागें जटपुरा दरवाजा नसतो, कीं रामाळा तलावही नसतो. तेथें दिसतो एक रंगविलेला पडदा. त्यावर विलायती धर्तीचे खांब, संगमरवरी जिना आणि दूर कोठें तरी एक सरोवर. पुढें नक्षीची खुर्ची, उंच तिवईवर फुलदाणी, आणि यजमानांच्या हातीं एक जाड पुस्तक. पडदा, खुर्ची, फुलदाणी आणि पुष्कळदां पुस्तकही छायाचित्रकाराचेंच! ज्या वाड्यांत ही मंडळी राहत, त्याची ओसरी, माजघर, परसांतली विहीर, यांपैकीं कांहींच चित्रांत उतरलें नाहीं. कारण जें रोज डोळ्यांपुढें आहे त्याचें चित्र काढण्यासाठीं पैसे मोजावे, हें त्या काळीं कोणाच्या मनांत येण्याजोगें नव्हतें. चित्र काढावयाचें तें मुंजीचें, लग्नाचें, कोणी परीक्षा उत्तीर्ण झाला त्याचें. म्हणून जुनें छायाचित्र पाहतांना पहिली गोष्ट ध्यानीं ठेवावयाची ती ही, कीं तो सणाचा दिवस आहे. वर्षाचे उरलेले दिवस त्यांत नाहींत.

चेहऱ्यांवरील गांभीर्याचेंही तसेंच. त्यावरून आपले पूर्वज हंसतच नसत असा नव्या मुलांचा समज होतो. खरें कारण पुष्कळसें यांत्रिक होतें. खिडकीच्या किंवा अंगणांतल्या उजेडावर काम चाले. कांचेवरचा रुप्याच्या क्षाराचा लेप मंद असे. आणि कांहीं क्षण सर्वांना पुतळ्याप्रमाणें स्थिर राहावें लागे. हंसूं तेवढा वेळ टिकत नाहीं, आणि तान्हें मूल तर मुळींच स्थिर राहत नाहीं. जुन्या चित्रांत आईच्या मांडीवर धुक्यासारखा एक डाग दिसतो, तोच कुंची घातलेला घरचा कुलदीपक! पुढें चित्रें झटपट निघूं लागलीं तरी गंभीर बसण्याचा रिवाज मात्र बराच काळ टिकला.

यापेक्षांही मोठी फसगत रंगांची आहे. त्या जुन्या कांचांना निळा रंग पांढुरका दिसे आणि तांबडा जवळजवळ काळा. सर्व रंग सारखे टिपणाऱ्या कांचा १९०६ पासून बाजारांत आल्या खऱ्या. परंतु त्या निव्वळ काळोखांत हाताळाव्या लागत, आणि जुन्या कांचांचें काम तांबड्या दिव्याच्या उजेडांत होई. त्यामुळें लहान गांवच्या कारागिरानें पुष्कळ वर्षें जुन्याच कांचा पत्करल्या. परिणाम असा, कीं कपाळावरचें ठसठशीत कुंकूं शाईच्या ठिपक्यासारखें दिसतें, तांबडा शालू काळा होतो, आणि निळी पैठणी धुवट वाटते. अशा चित्रांवरून जुन्या बायका फिक्या व उदास कपड्यांत वावरत असा निष्कर्ष काढणें म्हणजे यंत्राच्या आंधळेपणावरून माणसांची पारख करण्यासारखें आहे. सोवळ्याचा कोसा तेवढा या कचाट्यांतून थोडासा सुटतो. कारण जुन्या कागदाला वयोमानानें जी पिंगट झांक येते, ती कोशाच्या मूळच्या रंगाशीं योगायोगानेंच जुळते. हा कोसा याच मुलुखाचें देणें. ऐन आणि अर्जुन या झाडांवर ढीवर कुटुंबांनीं किडे जोपासावयाचे, आणि आरमोरी-नागभीडकडच्या कोष्ट्यांनीं वस्त्र विणावयाचें. तें वस्त्र आपल्या चित्रांत आहे. तीं जोपासणारीं व विणणारीं माणसें नाहींत.

पोशाखाचा इतिहास मात्र हीं चित्रें प्रामाणिकपणें सांगतात. १८५४ सालीं नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें आणि चांदा हें इंग्रजी अमलांतलें जिल्ह्याचें ठाणें बनलें. कचेरी, न्यायालय, शाळा यांच्या मागोमाग नवा पोशाख आला. पुरुषांची डोकीं ओळीनें पाहिलीं तरी काळ बराचसा उमगतो. प्रथम पगडी, मग रुमाल, त्यानंतर काळी टोपी. १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर हळूहळू पांढरी टोपी. आणि सर्वांत शेवटीं मोकळें डोकें. अंगावर कचेरीचा बंद गळ्याचा कोट आणि खालीं घरचें धोतर ही जोडी तर कित्येक वर्षें चालली. वैशाखांतल्या चांद्याच्या उन्हांत तो कोट घालून बसलेल्या गृहस्थांची दया येते. पण तो कोट होता म्हणूनच घरची चूल पेटत होती, हेंही विसरून चालणार नाहीं. पांढऱ्या टोपीबरोबर जाडीभरडी खादीही चित्रांत शिरते. याच जिल्ह्यांतील सावली येथें खादीचें केंद्र होतें, आणि १९३६ सालीं गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठीं महात्माजी तेथें आले होते. १९४२ च्या ऑगस्टांत चिमूरला जो उठाव झाला, तोही याच जिल्ह्यांतला. एखाद्या तरुणाच्या चित्रांत विलायती कोट जाऊन खादीचा सदरा आला, तर ती केवळ हौस नसे. त्यापायीं नोकरी जाण्याचें आणि तुरुंग दिसण्याचें भय असे.

स्त्रियांचा पोशाख फार सावकाश बदलला, कारण कचेरीचा वारा माजघरापर्यंत पोंचला नव्हता. नऊवारी लुगडें, खणाची चोळी, नथ, पाटल्या, बुगड्या, अंबाड्यावर फूल, हें ठाण बराच काळ तसेंच राहिलें. पुढें शाळेंत जाणाऱ्या मुली आल्या. पोलक्याच्या बाह्या लांबल्या. आणि पांचवारी पातळ आलें तेव्हां घरोघर वादळें उठलीं. एकाच चित्रांत सासूबाई नऊवारींत, धाकटी सून पांचवारींत, आणि दोघींच्या मध्यें परकर-पोलक्यांतली नात असा देखावा दिसला, तर त्यामागें कितीएक दिवसांची बोलाचाली झाली असेल याची कल्पना अनुभवी वाचकभगिनींना सहज येईल.

येथवर जें सांगितलें तें चित्रांत असलेल्या गोष्टींविषयीं. जें नाहीं, तें अधिक महत्त्वाचें आहे.

चांद्याच्याच एका कुटुंबांतील १९४२ सालच्या मुंजीचें चित्र आमच्या पाहण्यांत आलें. वाड्याच्या अंगणांत सतरंजी घालून तीन ओळींत वीस-बावीस माणसें बसविलेलीं आहेत. त्यांतील परकर-पोलक्यांतली सात वर्षांची मुलगी आज नव्वदीच्या घरांत आहे. चित्र हातीं देतांच त्या आजी प्रथम म्हणाल्या, "हा परकर काळा दिसतो, पण होता लालभडक." आणि थोडें थांबून, "आत्यानें शिवला होता. वेणीही तिनेंच घातली." चित्रांत आत्याबाई कोठें आहेत म्हणून विचारलें, तेव्हां आजींनीं चित्राच्या डाव्या कडेच्या अर्धवट उघड्या दाराकडे बोट दाखविलें. आत्याबाई लहानपणींच विधवा झालेल्या. केशवपन झालेलें, अंगावर आलवण. मुंजीच्या शुभप्रसंगीं त्यांनीं चित्रांत बसावयाचें नव्हतें. त्या दाराआड उभ्या होत्या. आदल्या रात्रीपासून वीसबावीस माणसांची न्याहारी त्यांनींच सिद्ध केली होती, आणि मुंजमुलासह सारीं मुलें त्यांनींच नटविलीं होतीं. चित्रांतील प्रत्येक परकराची चुणी आणि प्रत्येक वेणीचा पेड त्यांच्या हातचा. चित्रांत मात्र त्या नाहींत.

असें दार पुष्कळ घरांच्या चित्रांत आहे. त्याच्या आड कोणाची आत्या होती, कोणाची मावशी, कोणाची तरुणपणीं कपाळ पांढरें झालेली काकू. पाणी भरणारा गडी, जात्यावर दळण दळणारी बाई यांचीही तीच गत. 'गेले ते दिवस' म्हणतांना, ते दिवस यांना कसे गेले हेंही विचारलें पाहिजे. तें विचारल्यानें जुन्या घराविषयींचें प्रेम उणें होत नाहीं. ज्यांच्या श्रमांवर तें घर उभें होतें तेही त्या प्रेमांत सामावतात.

आणि नुसतें चित्रांत असणेंही पुरेसें नाहीं. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयींचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोंड मंडळींचें छायाचित्र आहे. पण त्याखालीं जमातीचें नांव आहे, माणसांचें नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं चांद्याचा परकोट बांधला, ते चित्रांत येऊनही निनांवीच राहिले. याच्या उलट एक चित्र पाहा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनींचें १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखांत बसलेल्या आहेत. चित्राखालीं तिघींचीं नांवें व गांवें छापलेलीं आहेत. सबात यांच्या नांवांत तर तेथें चूकही आहे. 'सबात'चें 'तबात' झालें आहे. तरीही तेवढ्या चुकलेल्या ओळीच्या आधारें जग आज त्यांस ओळखतें. नांव लिहिण्याचा महिमा असा आहे.

आपल्या घरच्या चित्रांवर ती ओळ कोठें आहे? आजोबांचें नांव तरी एखाद्या सनदेंत किंवा सातबाऱ्यावर सांपडेल. आजींचें कठीण, कारण लग्नांत नांव बदललें, माहेरचें नांव माहेरींच राहिलें, आणि सासरीं त्या काकू, वहिनी, माई होऊन गेल्या. तीं नांवें ज्यांच्या स्मरणांत आहेत तीं माणसें आज ऐंशी-नव्वदीच्या पलीकडे आहेत. वाडे पाडून इमारती उठत आहेत. अरुंद रुळांची नागपूर-नागभीड गाडीही २०१९ सालीं बंद झाली. या गोष्टी आपल्या हातच्या नव्हत्या. चित्रामागें नांव लिहिणें मात्र सर्वस्वी आपल्या हातीं आहे.

म्हणून वाचकांस विनंती आहे, कीं येत्या दिवाळींत मंडळी एकत्र जमतील तेव्हां एक दुपार या कामासाठीं काढावी. घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस मध्यें बसवावें, आणि एकेक चित्र तिच्या हातीं द्यावें. कोण बसलें आहे, कोणतें कार्य होतें, लुगड्याचा खरा रंग कोणता, आणि चित्राबाहेर कोण उभें होतें, हें सारें विचारावें. ती सांगेल तें तिच्याच शब्दांत टिपून घ्यावें. चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें लिहावीं. शाईचें पेन वापरूं नये, तें कागदांतून पुढें उमटतें. बायकांचीं माहेरचीं नांवेंही लिहावीं. चित्रें गोंदानें किंवा चिकटपट्टीनें चिकटवूं नयेत, आणि पावसाळ्यांत भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावींत. चौकटीच्या कांचेस चित्र चिकटलें असेल तर ओढून काढूं नये. मोबाईलवर प्रत घेतांना चित्राची पाठही टिपावी, आणि ती प्रत निदान दोन-तीन घरीं ठेवावी.

वर सांगितलेल्या मुंजीच्या चित्रामागें आतां तेवीस नांवें लिहिलेलीं आहेत. शेवटचें नांव आत्याबाईंचें आहे, माहेरचें आणि सासरचें दोन्ही, आणि पुढें आजींच्या सांगण्यावरून नातसुनेनें लिहिलें आहे, "दाराआड उभ्या आहेत."