उपचारसाहाय्यक श्वान

रुग्ण, वृद्ध, विशेष गरजा असलेली मुले व मानसिक आघात झालेल्या व्यक्ती यांना सहवासाने दिलासा मिळावा, म्हणून पारखून व शिकवून तयार केलेला कुत्रा. व्यवहारात त्यास ‘थेरपी डॉग’ म्हणतात. अंधांना वाट दाखविणारा कुत्रा एकाच व्यक्तीच्या सेवेत असतो. उपचारसाहाय्यक कुत्रा मात्र आपल्या पालकाबरोबर जाऊन अनेकांना भेटतो. हे पालक बहुधा विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात.

इतिहास : इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये सुरू केलेल्या यॉर्क येथील ‘रिट्रीट’ या मनोरुग्णालयाच्या आवारात ससे, कोंबड्या इ. प्राणी पाळीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना आपला ‘जिंगल्स’ हा कुत्रा जवळ असला, की अबोल मूल खुलते, असे आढळले. १९६०–७० या दशकात त्यांनी या अनुभवाची पद्धतशीर मांडणी केली. इलेन स्मिथ या परिचारिकेने १९७६ मध्ये न्यू जर्सी येथे ‘थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल’ ही स्वयंसेवकांची संस्था काढली. महाराष्ट्रात मिनल कविश्वर यांनी स्थापन केलेल्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने हे कार्य रुजविले.

निवड व कार्यपद्धती : जातीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा असतो. कुत्रा प्रौढ, निरोगी, लसीकरण झालेला आणि अनोळखी स्पर्श, गोंगाट, कुबड्या किंवा चाकांची खुर्ची यांनी न बिचकणारा असावा लागतो. परीक्षा कुत्रा व पालक या जोडीची होते. भेटीपूर्वी व नंतर हात धुणे आवश्यक असते. उघड्या जखमा, ॲलर्जी किंवा कुत्र्याची भीती असलेल्या व्यक्तींकडे त्यास नेत नाहीत. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, शेपूट आत घेणे ही कुत्र्यावरील ताणाची लक्षणे होत. कुत्र्याला शब्दांनी नकार देता येत नाही; तो पालकाने ओळखून भेट थांबवावयाची असते. ‘पेट पार्टनर्स’ या अमेरिकन संस्थेच्या नियमानुसार एका दिवसात भेटींचा काळ दोन तासांपेक्षा अधिक नसतो.

अशा सहवासाने चिंता कमी होते व संवाद सुलभ होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तथापि बरेच अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत. हा सहवास औषधाची अथवा मानसोपचाराची जागा घेऊ शकत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्ग व अणदूर ही खंडोबाची क्षेत्रे असून खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. कुत्र्याविषयी असा आदर असला, तरी शेताची व अंगणाची राखण हेच त्याचे नेहमीचे काम. त्यातच पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खरे असते. दुसरीकडे, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे दगावली व सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. अवर्षण व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे २०१५ मध्ये उस्मानाबाद आणि यवतमाळ या जिल्ह्यांसाठी ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू करण्यात आले. शोकग्रस्त कुटुंबांतील मुले व वृद्ध यांच्यासाठी समुपदेशकाच्या देखरेखीखाली अशा भेटी उपयुक्त ठरू शकतील.

त्यासाठी परदेशी जातीच लागतात असे नाही. शांत स्वभावाचा गावठी कुत्राही पात्र ठरू शकतो. अलर्कविरोधी लसीकरण, पशुवैद्याची नियमित तपासणी व उन्हाळ्यात सकाळच्याच भेटी ही पथ्ये मात्र अटळ आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सातत्य. ज्याने आधीच जिवलग गमावले आहे, त्याच्या वाट्याला दारी येणारा हा सोबती एकाएकी येईनासा होण्याचे दुःख येऊ नये. म्हणून स्वयंसेवकाने जेवढे निभावता येईल तेवढेच पत्करावे आणि भेटी थांबवावयाच्या झाल्यास त्याची पूर्वसूचना देऊन निरोप घ्यावा.