‘आमच्या माघारी याचं कसं?’

आमच्या चळवळीच्या मागण्यांची यादी मोठी आहे आणि ती खरीही आहे. नोकरभरतीचा अनुशेष, थकलेली शिष्यवृत्ती, गायरान जमिनी, अत्याचाराचे रेंगाळलेले खटले. या यादीत एक ओळ मात्र आम्हाला कधी सापडली नाही. कोणत्याही वस्तीत चार गल्ल्या फिरा, एखादे घर असे निघतेच, जिथे पंचवीस वर्षांच्या लेकाला आई अजून घास भरवते. धुण्याभांड्याच्या कामाला निघताना ती बाहेरून कडी घालते. नाहीतर मुलगी वयात आलेली असते आणि तेव्हापासून त्या माउलीची झोप उडालेली असते. ही घरे मोर्चाला येत नाहीत. येतील कशी? मागे घरी कोण थांबणार? मोर्चात दिसत नाहीत म्हणून मागण्यांत नाहीत, आणि मागण्यांत नाहीत म्हणून शासनदरबारी नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के पडते. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के आहे, अनुसूचित जमातींमध्ये २.०५ आणि उरलेल्या समाजात २.१८. अपंगत्वाला जात नसते असे सांगणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांखालून घालावेत. गरोदरपणी पोटाला पुरेसे नाही, बाळंतपणाला वेळेत दवाखाना नाही, जन्मलेले बाळ रडले नाही तर त्याला प्राणवायू द्यायला कोणी नाही, तापात झटके आले तर गाडी मिळेपर्यंत रात्र सरते. सगळेच बौद्धिक अपंगत्व असे येत नाही, हे आम्ही जाणतो. डाऊन सिंड्रोम गुणसूत्रांमुळे होतो. तो बंगल्यातही होतो आणि झोपडीतही. पण जे टाळता आले असते ते कोणाच्या वाट्याला अधिक येते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. (आदिवासींचा कमी आकडा आम्हाला कमी अपंगत्वाचा वाटत नाही, कमी मोजणीचा वाटतो.) त्या जनगणनेत बौद्धिक अपंगांची संख्या सुमारे १५ लाख आली. ‘जरा मंद आहे’ म्हणून सोडून दिलेले आणि पाहुण्यांपासून लपवलेले त्यात किती आले असतील? स्वमग्न मुलांसाठी तर त्या फॉर्मवर वेगळा रकानाच नव्हता.

आता नावाचे पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि बघता बघता फलक बदलले, कायद्याचे मराठी नाव बदलले, खात्याचेही नाव तेच झाले. देशातल्या अनेक अपंग संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता. आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प द्या, शाळा द्या, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वाचकांना हे प्रकरण ओळखीचे वाटेल. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याला दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. देवाच्या नावाची झूल पांघरली की माणसाच्या हक्काचे बोलावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ‘मतिमंद’ हा जुना शब्द शिवीसारखा झाला होता, तो गेला ते बरे झाले. पण शिवीच्या जागी आरती आली, एवढ्याने काय साधले?

अशा मुलाच्या आईला शेजारीण सहज सांगून जाते, ‘मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय!’ हे वाक्य आपल्या आजा-पणजांना शतकानुशतके ऐकवले गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. या सिद्धांताने समाज आणि शासन दोघेही गरिबाच्या स्थितीची जबाबदारी झटकून मोकळे होतात, असे त्यांनी दाखवून दिले. आणि तरीही आज धम्म स्वीकारलेल्या घरातही मूल तीन वर्षांचे होऊन बोलत नाही म्हणून अंगारा लावला जातो, देवऋषी गाठला जातो. त्यात जी दोन-चार वर्षे वाया जातात, तीच उपचाराची आणि प्रशिक्षणाची सर्वांत मोलाची वर्षे असतात. अंगणवाडीच्या पातळीवर अशा मुलांची तपासणी करण्याचा कार्यक्रम २०१३ पासून आहे. तो आपल्या वस्तीत होतो की नाही, हे विचारायला आपले कार्यकर्ते किती वेळा गेले?

शासनाच्या हाती ही माणसे पूर्णपणे सोपवली तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतील अकरा बौद्धिक अपंग मुली-महिलांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही! सांभाळायला माणसे लावायची, शिकवायचे, कापड पुरवायचे, हा खर्च नको म्हणून अवयवच काढला. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तिला काय वाटते हे विचारायचे असते, ही गोष्ट या देशात पुढे पंधरा वर्षांनी ठामपणे सांगितली गेली. चंदीगडच्या शासकीय संस्थेत अत्याचार झालेल्या एका बौद्धिक अपंग तरुणीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले.

कायदे कागदावर पुढे सरकले आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९९५ च्या कायद्याने बौद्धिक अपंगत्वाला व्याख्येत जागा दिली, पण नोकरीच्या तीन टक्क्यांत दिली नाही. २०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि त्यात स्वमग्न, बौद्धिक अपंग, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग अशा सर्वांना मिळून एक टक्का दिला. हे आरक्षण समांतर असते. अनुसूचित जातीचा अपंग उमेदवार अनुसूचित जातीच्याच जागेत मोजला जातो. त्यामुळे ‘अपंगांमुळे आमच्या जागा जातात’ ही कुजबुज निराधार आहे, ती आपल्या माणसांनी तरी करू नये.

जुलै २०२० चा एक निकाल तर आम्हाला प्रत्येक विहाराच्या फलकावर लावावासा वाटतो. चंदीगडच्या शासकीय कला महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या एका बौद्धिक अपंग विद्यार्थ्याला चाचणीत ४० टक्क्यांची अट घातली होती. अनुसूचित जाती-जमातींना ती ३५ होती. अपंगही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत, त्यांनाही तीच सवलत दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्या खंडपीठावर न्या. भूषण गवईही होते, जे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. ज्या सवलतीसाठी आपल्या बापजाद्यांनी रक्त आटवले, तिच्या मापाने आज दुसऱ्या एका उपेक्षित समूहाचा हक्क मोजला जातो आहे. याचा अभिमान वाटायला हवा. आपल्या सभांतून मात्र या निकालाचा उल्लेख आम्ही ऐकला नाही.

आणि पैसा? संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना महिन्याला १५०० रुपये मिळत. जून २०२५ मध्ये बच्चू कडू मोझरीला सहा हजारांसाठी उपोषणाला बसले. सप्टेंबरात शासनाने ते २५०० केले. त्या मंडपात निळा झेंडा दिसायला हवा होता, असे आम्हाला अजूनही वाटते. या योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ५० हजारांची ठेवली गेली. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये धरली, तर घरातला एक माणूस वर्षातून १६१ दिवस कामावर गेला की घर या अटीबाहेर! म्हणजे मदत हवी तर बापाने सात महिने घरी बसावे. मुलासाठी आईने सोडलेल्या मजुरीचा तर कोणत्याच योजनेत हिशेब नाही. चोवीस तासांची ती पाळी शासनाला फुकट मिळते आणि वर तिला ‘मातेची ममता’ म्हटले जाते.

आई-बाप म्हातारे झाले की एकच प्रश्न उरतो, ‘आमच्या माघारी याचं कसं?’ अमरावती जिल्ह्यात वझ्झरला अनाथ अपंग मुलांना आपले नाव देऊन वाढवणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे सांगत आले, की अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून ही मुले बालगृहाबाहेर काढू नका, त्यांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कायद्याची मागणी मात्र बाबा मांडतच राहिले. गावापासून दूर भिंतीआड मोठ्या संस्था बांधणे हा आमच्या मते उपाय नव्हे; शिरूर आम्ही विसरलेलो नाही. वस्तीतच पाच-सहा जणांचे घर, पगारी माणसे आणि आसपासच्या लोकांची नजर, असे काही उभे राहिले पाहिजे. तोवर निदान पालकत्वाचे कागद तरी करून ठेवावेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती नेमली आहे. सज्ञान झालेल्या मुलासाठी पालक नेमून घ्यायला तिच्याकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लावावा लागत नाही.

आपली विहारे रविवारची वंदना सोडली तर बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. सकाळी दहा ते दोन तिथे अशा मुलांसाठी केंद्र चालवता येईल, म्हणजे आईला चार तास कामाला जाता येईल. त्यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जाईल. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्चायचे, असा शासनाचाच नियम आहे. गेल्या वर्षीचे हे पाच टक्के कुठे गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही.