गच्चीवरचे वामनवृक्ष (भाग ७) : अझेलियाला वऱ्हाडचं पाणी का मानवत नाही?

गेल्या तीन भागांत वड, उंबर आणि पिंपळ झाले. ही आपल्याच मातीतली झाडं. भिंतीच्या फटीतही उगवतात, कुंडीत कसूर झाली तरी माफ करतात. आजचं झाड त्यांच्यातलं नाही. हिवाळ्याच्या शेवटी एखाद्या रोपवाटिकेत पानं झाकून टाकणारी गुलाबी-पांढरी फुलं दिसतात, दुकानदार ‘अझेलिया आहे, याचं बोन्साय फार छान होतं’ म्हणतो आणि माणूस पाकीट उघडतो. दुकानदार खोटं बोलत नाही. ही फुलं पाहून आपण ज्याची कल्पना करतो ते बोन्साय जपानातलं आहे, एवढंच तो सांगत नाही.

तिथे या छंदाला ‘सात्सुकी’ जातीच्या अझेलियांनी वेड लावलं आहे. एकाच झाडावर पांढरी, गुलाबी आणि पट्ट्यापट्ट्यांची फुलं एकदम येतात. तोचिगी प्रांतातलं कानुमा हे गाव या सात्सुकींसाठी ओळखलं जातं. तिथली ‘कानुमा’ नावाचीच पिवळसर, हलकी माती म्हणजे ज्वालामुखीतून उडून पडलेला सच्छिद्र दगडाचा चुरा. ती पाणी धरते, हवाही खेळू देते आणि मुख्य म्हणजे आम्लधर्मी असते. अझेलिया हे बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं झाड. त्याला मातीचा सामू साधारण ५ ते ६ लागतो.

आता आपल्याकडे या. बेसॉल्टची काळी कसदार माती, तिच्यात चुनखडीचे खडे, सामू बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. पूर्णेच्या खोऱ्यात उतरलं की खारपाणपट्टा: अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला, विहिरीचं पाणी तोंडात न धरवणारा. आपण अझेलियासाठी उन्हाळ्याची काळजी करत बसतो. ऊन हा शत्रू आहेच, पण तो दिसतो आणि त्याच्यावर जाळी टाकता येते. पाणी मात्र रोज सकाळी आपणच आपल्या हाताने झाडाला घालतो.

घरच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. गेल्या उन्हाळ्यातला कूलर काढून त्याच्या ताट्यांकडे बघा. पांढरी खरखरीत पुटं चढली असतील, तर तेच पुट कुंडीतही साचणार. उथळ कुंडीत माती मूठ-दोन मूठ, तेव्हा तिचा सामू बदलायला फार वेळ लागत नाही.

मग काय होतं, हे वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला विचारा. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह नाही म्हणून हे होत नाही. काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. संत्र्याचं झाड हे काही वर्षं सोसतं. अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक आणि मातीच्या वरच्या थरात दाटलेली असतात. ती लवकर हार मानतात. अशा वेळी लोक हिराकस आणून कुंडीत टाकतात. चुनखडीच्या मातीत ते लोह पुन्हा अडकून बसतं. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणावं, मात्र पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

खरा उपाय पाण्यातच आहे. सर्वांत चांगलं पावसाचं पाणी. गच्चीवरच्या पन्हाळाखाली एक झाकणाचा ड्रम ठेवला, तर एका झाडापुरतं पाणी कितीतरी दिवस पुरतं. नळाला पाणी कुठून येतं हेही बघावं. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं. बोअरच्या पाण्यापेक्षा ते झाडाला केव्हाही बरं. तरीही सामू जास्त निघाला, तर बादलीत चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून सामूपट्टीने तपासत ६ च्या आसपास आणावं. खारपाणपट्ट्यातल्यांनी मात्र लिंबूसत्वावर विसंबू नये. त्याने सामू उतरेल, मीठ तिथेच राहील. आरओ यंत्राचं शुद्ध पाणी चालतं. यंत्रातून वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

मातीबाबत नियम असा: शेतातली माती अजिबात नको. पीट मॉस, धुतलेलं कोकोपीट, चीडच्या सालीचे तुकडे आणि निचऱ्यासाठी परलाइट. वडाच्या मिश्रणात आपण हाडाचा चुरा घातला होता, इथे तो घालायचा नाही, कारण त्यात चुना असतो. चुलीतली राखही नको. सिमेंटची कुंडी तर याच कारणाने बाद.

छाटणीत अझेलिया उलट वागते. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून आपण वरचं जास्त कापतो. हिचा जोर बुंध्याकडे आणि खालच्या फांद्यांकडे. खालचं मोकळेपणाने छाटा, शेंड्याला हात आखडता ठेवा. नाहीतर चार वर्षांत झाड खाली झुडूप आणि वर काडी होऊन बसतं. जुन्या लाकडावरही नवे कोंब सहज फुटतात, म्हणून जाड फांदी कापायला घाबरू नये. तार मात्र जपून बांधावी, फांद्या ठिसूळ असतात.

आणि वेळ? पुस्तकं सांगतात, फुलं सरली की लगेच छाटा आणि कुंडी बदला. माझ्या मते हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा पाळणं म्हणजे झाडाचा जीव घेणं. जपानात सात्सुकी मेअखेर-जूनमध्ये फुलते आणि पाठोपाठ तिथला पावसाळा येतो. कापलेल्या झाडाला ओलसर, ढगाळ हवा आयती मिळते. आपल्याकडे फुलं मार्चपर्यंत संपतात आणि समोर उभे असतात एप्रिल, मे आणि नवतपा. मे २०२४ मध्ये उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. त्या हवेत ताजी कापलेली मुळं काय तग धरणार? म्हणून मार्चमध्ये फक्त सुकलेली फुलं बोंडासकट खुडायची. मोठी छाटणी आणि कुंडीबदल मृग बरसून हवा गार झाल्यावर, जुलैच्या मध्याच्या आत. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरायला वेळ उरत नाही.

मार्च ते जून कुंडी पूर्वेच्या बाजूला, हिरव्या जाळीखाली, स्लॅबपासून उंच ठेवावी. खाली ओल्या वाळूचं तबक. दुपारी तापलेला स्लॅब उथळ कुंडीतली मुळं अक्षरशः शिजवतो. दोन वेळा पाणी, पण मुळं डबक्यात नकोत. शेजारी शेळ्या असतील तर कुंडी उंचावर ठेवा. अझेलियाची पानं विषारी असतात.

एवढं करून झाड फुलेल का? अमरावती-अकोल्यात ते जगवता येतं, पण पाहुण्यासारखं. चिखलदऱ्याला, जिथे ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी पिकते, तिथे ज्यांचं घर असेल त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी जरूर लावावी. बाकीच्यांना फुलांचंच बोन्साय हवं असेल, तर बोगनवेल आहे. तिला आपलं ऊन आवडतं, आपली माती चालते आणि संत्र्याला आंबिया बहारासाठी देतो तसा पाण्याचा ताण दिला की ती फुलांनी लगडते. अझेलियाला असा ताण दिला तर ती मरते.

तेव्हा रोप घेण्याआधी घरच्या पाण्याचा सामू मोजा. तो साडेसातच्या वर निघाला आणि पावसाचं पाणी साठवायला जागा नसेल, तर ते पैसे बोगनवेलीवर घाला. तिला ताण कधी आणि किती द्यायचा, ते पुढच्या आठवड्यात.