मामा, मॅकवर व्हॅलोरंट चालतो का?

घरातला कॉम्प्युटर : भाग ११

मागच्या आठवड्यात रॅम आणि एसएसडीचा हिशेब मांडताना गेमचा विषय मी मुद्दामच बाजूला ठेवला होता. एका परिच्छेदात उरकण्यातला तो नाही. पुढं निमित्तही घरातच मिळालं. माझी भाची यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. वडिलांनी लाखाच्या आसपास बजेट मंजूर केलंय, मैत्रिणींकडे मॅकबुक एअर आहे आणि हिलाही तोच हवाय. रात्री साडेअकराला फोन.

"मामा, मॅक घेतला तर गेम चालतील ना?"

"कोणते?"

"व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह आणि स्टारड्यू व्हॅली."

"तिसरा चालेल."

पलीकडे शांतता. मग जरा दुखावलेल्या आवाजात, "एवढा महाग कॉम्प्युटर, आणि गेम चालत नाहीत?"

तिचा प्रश्न रास्त आहे, आणि 'मॅक गेमिंगसाठी नसतोच' हे दुकानदाराचं ठरलेलं उत्तर त्याला पुरत नाही. मॅकमध्ये दम नाही असं म्हणण्याचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलनं इंटेलला रामराम ठोकून स्वतःच्या एम-१ चिपचे मॅक आणले. २०२३ च्या एम-३ पासून प्रकाश-सावल्यांचं अवघड गणित करणारं रे ट्रेसिंगही चिपमध्येच आलं. २०२० मध्ये भल्याभल्या पीसींना घाम फोडणारा 'सायबरपंक २०७७' जुलै २०२५ पासून मॅकवर रीतसर मिळतो. म्हणजे अंगात ताकद आहे. अडतं ते दुसरीकडे.

गेम चालू असताना पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटत असतील, तर एकेका चित्राला मिळतात जेमतेम सोळा मिलिसेकंद. तेवढ्यात भिंती, सावल्या, धूर, शत्रूचं डोकं, सगळं काढून व्हायला हवं. हे काम ग्राफिक्स चिपचं. पण गेम तिच्याशी थेट बोलत नाही. मध्ये हुकूम पोचवणारी एक ठरलेली भाषा असते. विंडोजवर ती डायरेक्टएक्स, मॅकवर मेटल. डायरेक्टएक्समध्ये लिहिलेला गेम मॅकसमोर ठेवला, तर चिप कितीही तगडी असो, तिला समोरच्याचं एक अक्षर कळत नाही. गेम मेटलमध्ये नव्यानं बसवायचा तर कंपनीला माणसं, महिने आणि पैसे घालावे लागतात. स्टीम या गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात मॅकवाली गिऱ्हाइकं शंभरात दोनेक. कंपनीचा हिशेबनीस काय म्हणत असेल, ते सांगायला नको.

हे असं का झालं, याची गोष्ट मात्र मला तांत्रिक भागापेक्षा जास्त आवडते. १९९४ च्या नाताळात अमेरिकेत डिस्नेचा 'लायन किंग' हा विंडोजवरचा गेम घरोघरी भेट म्हणून गेला. कॉम्पॅकच्या नव्या कोऱ्या मशीनवर त्यानं मान टाकली. ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणि मायक्रोसॉफ्टची 'विनजी' नावाची सोय यांचं जमलं नाही. नाताळच्या सकाळी रडणारी पोरं आणि डिस्नेच्या मदत केंद्रावर पालकांचे फोनवर फोन. तेव्हा गेमवाले विंडोजला नाकं मुरडत आणि सरळ डॉसवर गेम लिहीत. मायक्रोसॉफ्टमधल्या तिघांनी, अॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम यांनी, हे बदलायचं मनावर घेतलं आणि १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आलं. त्याच वर्षी प्रचाराच्या एका फितीत खुद्द बिल गेट्स लांब काळा कोट घालून, हातात बंदूक घेऊन 'डूम' या गेमच्या बोळांत उभे दिसतात. ती फीत आज बघताना हसू येतं, पण कंपनीचा मालक गेमसाठी एवढं करायला तयार होता, हे गेमवाल्यांना पोचलं. 'डूम'ची विंडोज ९५ साठीची आवृत्ती मायक्रोसॉफ्टमध्ये ज्याच्या देखरेखीखाली झाली, तो गेब न्यूएल. पुढे त्यानंच व्हॉल्व्ह काढली आणि व्हॉल्व्हनं स्टीम.

गंमत अशी की मूळ 'डूम' घडला तो नेक्स्ट कॉम्प्युटरवर. नेक्स्ट ही स्टीव्ह जॉब्सची कंपनी. आजच्या मॅकच्या सिस्टिमचा पाया तिथलाच. शिवाय १९९३ मध्ये ज्यानं लोकांना वेड लावलं, तो 'मिस्ट' आधी मॅकवर आला, विंडोजवर नंतर. तेव्हा मॅकच्या कुंडलीत गेम नव्हतेच, असं कुणी म्हणू नये. जुलै १९९९ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये जॉब्सनी मोठ्या झोकात एक नवा गेम दाखवला. नाव 'हेलो'. वर्षभरात, जून २००० मध्ये, तो बनवणारी बंजी कंपनीच मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली, आणि २००१ मध्ये 'हेलो' एक्सबॉक्सचा हुकमी एक्का म्हणून बाजारात उतरला. मॅकवर तो आला २००३ च्या शेवटी, शिळा होऊन.

यात मायक्रोसॉफ्टची हुशारी आहे, तसा अॅपलचा स्वभावही आहे. विंडोज म्हणजे आपल्याकडचा माळा. वीस वर्षांपूर्वीचं सामानही तिथं सापडतं, आणि झटकलं की बरेचदा चालतं. अॅपलला अडगळ खपत नाही. २०१८ मध्ये अॅपलनं ओपनजीएल ही ग्राफिक्सची जुनी भाषा मोडीत काढल्याचं जाहीर केलं. त्या जोरावर कितीतरी गेम मॅकवर येत असत. २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या सिस्टिममध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद झाले, आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या जुन्या गेमच्या आयकॉनवर काट मारलेलं वर्तुळ आलं. एम-१ आल्यावर मॅकवर विंडोज टाकायची बूट कॅम्प ही पळवाटही बंद झाली. प्रत्येक निर्णयामागे अॅपलचं तर्कशास्त्र आहे, आणि मॅक इतका सुटसुटीत राहतो तो त्यामुळेच. पण गेम बनवणाऱ्याला दर चार वर्षांनी घर बदलायला लावलंत, तर तो तुमच्या सोसायटीत राहायला येईल कशाला?

मग दुभाषे आहेत. वाइन नावाचा मुक्त प्रकल्प १९९३ पासून विंडोजच्या प्रोग्रामना दुसऱ्या सिस्टिमवर नांदवतो. त्यावर बेतलेलं क्रॉसओव्हर पैसे देऊन मिळतं. २०२३ मध्ये अॅपलनं गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, ते डायरेक्टएक्सच्या हुकमांचं चालता चालता मेटलमध्ये भाषांतर करतं. मी माझ्या मॅकवर हे उद्योग पुष्कळ केलेत. पहिल्यांदा एखादं दार उघडलं की चित्र क्षणभर थबकतं, कारण पलीकडच्या खोलीतलं भाषांतर आत्ता चाललेलं असतं. दुसऱ्यांदा तेच दार झरकन उघडतं. एकट्यानं, निवांत खेळायच्या गेमला हे खपून जातं.

भाचीच्या व्हॅलोरंटला खपत नाही. कारण वेगाचं नाही, विश्वासाचं आहे. लबाडी पकडायला त्या गेमबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोज सुरू होतानाच, सिस्टिमच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. दुभाषा असतो ओसरीवर. गाभाऱ्यात कुणाला बसवणं त्याच्या हातातच नाही. त्यामुळे व्हॅलोरंट मॅकवर नाही, आणि जुगाडानंही नाही. दोस्तांबरोबर ऑनलाइन खेळायच्या पुष्कळ गेमची हीच तऱ्हा. 'काउंटर-स्ट्राइक'चा जुना अवतार मॅकवर चालायचा. २०२३ मध्ये दुसरा आला तो मॅकला वगळूनच. जीटीए फाइव्ह तर कंपनीनं मॅकवर कधी आणलाच नाही.

म्हणून मी तिला एक काम सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत खेळायच्या गेमची यादी कर आणि स्टीमवर एकेकाचं पान उघड. किमतीच्या पट्टीवर बारीक चिन्हं असतात. विंडोजची चौकट बहुतेक सगळीकडे दिसेल, शेजारी सफरचंद आहे का ते बघ. 'बाल्डर्स गेट ३', 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज', 'सिव्हिलायझेशन', 'माइनक्राफ्ट' यांवर भागणार असेल, तर खुशाल मॅक घे. पण एअरमध्ये पंखा नसतो. जड गेम पाऊण तास चालवलास तर तो तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. 'सायबरपंक'ला मॅकवर किमान १६ जीबी लागते.

टेबलावरच्या पीसीची मजा वेगळी, आणि माझा पक्षपात इथं लपणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानांतून कोटेशन काढायचं, कॅबिनेटवरच्या रंगीत दिव्यांना नको म्हणायचं, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात आणि वीज पुरवणाऱ्या बऱ्या एसएमपीएसमध्ये घालायचे. तीन वर्षांनी चार स्क्रू काढून फक्त कार्ड बदललं की मशीन पुन्हा ताजं. मॅकमध्ये चिप आली तीच जन्मभराची. एम मालिकेवर बाहेरून कार्ड जोडून गेम खेळायचीही सोय नाही. पण हॉस्टेलच्या खोलीत टॉवर न्यायचा कसा? तिला लॅपटॉपच हवा. गेमिंग लॅपटॉप म्हणजे अडीच किलोचं धूड, पंख्यांची घरघर, आणि चार्जर काढला की गेमचा वेग निम्म्यावर. कॉलेजच्या दोन तासांतच बॅटरी मान टाकते. हेही तिला सांगितलं. मामानं सांगितलं नाही असं नको.

चार दिवसांनी तिची यादी आली. अकरा गेम, सफरचंदं चार. विंडोजवाला गेमिंग लॅपटॉप घेतला. परवा पुन्हा साडेअकराला फोन.

"मामा, लॅपटॉप मस्त आहे. पण याचा चार्जर उचलून बघितलायस का कधी? आईनं वीट समजून त्याच्यावर कुंडी ठेवली होती."